शाळेनं दार लावलेल्या रायनच्या नावानं विद्यापीठातली पोरं ३६ तास नाचतात

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात दरवर्षी एक अजब कार्यक्रम होतो. पोरं-पोरी सलग ३६ तास जागी राहतात. बसायचं नाही, झोपायचं नाही, नुसतं नाचायचं. यातून गोळा होणारा पैसा रायली या लहान मुलांच्या हॉस्पिटलला जातो. हा सगळा खटाटोप ज्याच्यामुळे सुरू झाला, तो मुलगा या विद्यापीठात कधी पोहोचलाच नाही.

त्याचं नाव रायन व्हाइट.

६ डिसेंबर १९७१ ला इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावात तो जन्मला. काही दिवसांतच कळलं की त्याला हिमोफिलिया आहे. म्हणजे एकदा रक्त वाहायला लागलं की ते लवकर थांबत नाही. यावर तेव्हाचा उपाय होता फॅक्टर एट नावाचं इंजेक्शन. ते हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलं जायचं. त्या हजारांत एखाद्याला एचआयव्ही असला तरी धोका सगळ्यांना. रायनच्या बाबतीत तेच झालं. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूमोनिया झाला म्हणून त्याच्या फुफ्फुसाचा काही भाग काढावा लागला आणि निदान झालं, एड्स. पोरगा १३ वर्षांचा. डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत दिली. रक्तातला एचआयव्ही शोधणारी चाचणी अमेरिकेत मंजूर झाली मार्च १९८५ मध्ये, त्यानंतर तीनच महिन्यांनी.

पण सहा महिने उलटले आणि रायन सावरला. त्याला शाळेत जायचं होतं. खरी लढाई इथून सुरू झाली.

त्याची वेस्टर्न मिडल स्कूल ही जेमतेम ३६० मुलांची शाळा. ११७ पालक आणि ५० शिक्षकांनी त्याला घेऊ नका म्हणून सह्या केल्या. १९८५ मध्ये शाळा प्रशासनानं प्रवेश नाकारला. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा रायन घरी बसून टेलिफोनवरून तास ऐकत होता. ऑनलाइन शाळेचा वैताग आपल्याकडच्या पोरांनी लॉकडाऊनमध्ये अनुभवलाय, पण तेव्हा सगळा वर्ग घरी होता. इथं एकटा रायन.

गंमत बघा, त्याच आठवड्यात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं सूचना काढल्या होत्या की एचआयव्ही असलेल्या बहुतेक मुलांना शाळेत येऊ द्यायला हरकत नाही. हस्तांदोलनानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा विषाणू पसरत नाही, हे शास्त्रज्ञ सांगत होते. पण सरकारी कागद आणि गावातली कुजबुज यांत कुजबुज जिंकली.

नोव्हेंबरमध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं रायनच्या बाजूनं निकाल दिला. अपिलं झाली. शेवटी २१ फेब्रुवारी १९८६ ला तो शाळेत गेला, तर १५१ मुलं घरी राहिली. त्याच दुपारी काही पालकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला आणि पोरगा पुन्हा घरी. १० एप्रिलला तो हुकूम उठला तेव्हा कुठे वर्गात बसायला मिळालं, तेही अटींसह. वापरून फेकायच्या प्लेट-चमच्यांत जेवायचं, बाथरूम वेगळं, खेळाच्या तासाला सुट्टी. या अटींना शास्त्राचा काडीचा आधार नव्हता. लोकांची भीती कमी व्हावी म्हणून त्याच्या आईनं, जीननं, त्या मान्य केल्या. भीती काही कमी झाली नाही. काही पालकांनी मुलं काढून वेगळी शाळाच काढली.

रायन घरोघरी पेपर टाकायचा. लोकांनी पेपर बंद केले. चर्चमध्ये ईस्टरला एकमेकांचा हात हातात घ्यायची पद्धत असते, तिथं त्याचा हात कुणी घेईना. शेवटी घराच्या खिडकीतून गोळी आत आली. घरी कुणी नव्हतं म्हणून निभावलं. व्हाइट कुटुंबानं कोकोमो सोडलं. सिसेरो गावातलं नवीन घर घ्यायला गायक एल्टन जॉनची मदत झाली.

सिसेरो त्याच राज्यात, कोकोमोपासून तासाभराच्याही आत. मुलगा तोच, आजार तोच. पण इथल्या हॅमिल्टन हाइट्स हायस्कूलमध्ये वेगळं काहीतरी घडलं. रायन यायच्या आधीच शाळेनं तयारी केली. विद्यार्थ्यांना एड्स कसा होतो आणि कसा होत नाही, हे जाणकारांकडून समजावून दिलं. त्यात पुढाकार होता जिल स्टुअर्ट या मुलीचा. ती विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष होती आणि रायनची शेजारीण. पोरांनी घरी जाऊन आपल्या आईबापांना समजावलं.

३१ ऑगस्ट १९८७ ला रायन तिथं पोहोचला तेव्हा मुख्याध्यापक टोनी कुक आणि काही विद्यार्थ्यांनी पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवला. वेगळी प्लेट नाही, वेगळं बाथरूम नाही. कोकोमोत न्यायालयाच्या हुकमानं फक्त दार उघडलं होतं. इथं आत बसायला जागा मिळाली. रायन नाचाच्या कार्यक्रमांना गेला, अभ्यासात चमकला, गाडी चालवायला शिकला. मायकल जॅक्सननं त्याला लाल मस्टँग दिली होती. १९८८ मध्ये त्यानं राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या एड्स आयोगापुढे साक्ष दिली आणि दोन्ही शाळांमधला फरक सांगितला.

इंडियाना विद्यापीठात जायचं ठरलेलं होतं. पण ८ एप्रिल १९९० ला रायली हॉस्पिटलमध्ये त्यानं शेवटचा श्वास घेतला. वय १८. शाळा संपायला काही आठवडे उरले होते. अंत्यसंस्काराला १५०० हून जास्त लोक आले, त्यात बार्बरा बुशही होत्या. आणि त्याच्या थडग्याची पुढच्या वर्षभरात चार वेळा नासधूस झाली, हेही खरं.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. एचआयव्ही असलेल्यांनाही त्याचं संरक्षण मिळतं आणि विद्यापीठंही त्याच्या कक्षेत येतात. ऑगस्टमध्ये रायनच्याच नावाचा कायदा आला. आज त्याखालच्या योजनेतून दरवर्षी पाच लाखांहून जास्त लोकांना उपचार आणि मदत मिळते.

भारतात असा कायदा व्हायला २०१७ उजाडलं. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळा-कॉलेजला प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणी मागता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून कुणाला नाकारता किंवा काढता येत नाही. संमतीशिवाय ही माहिती बाहेर सांगणंही बेकायदा आहे. १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, हे एकदा ऑफिसात विचारून बघा.

रायन ज्या विद्यापीठात जाणार होता, तिथं जिल स्टुअर्ट आधीच पोहोचली होती. १९९१ मध्ये तिनं मित्रमैत्रिणींना घेऊन नाचाचा तो कार्यक्रम सुरू केला. ती कल्पना पुढे अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांनी उचलली. आतापर्यंत इंडियानाच्या पोरांनी कोट्यवधी डॉलर जमवलेत. रायली हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या संसर्गजन्य आजारांवरचं केंद्र त्या पैशावर उभं राहिलं. त्याच्या दारावर नाव आहे, रायन व्हाइट.