सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडणारा वैद्य

जर्मनीत नेकार नदीच्या काठी हाइलब्रोन नावाचे गाव आहे. तेथील एका औषधविक्रेत्याच्या घरी २५ नोव्हेंबर १८१४ रोजी युलियस रॉबर्ट मायर यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी एक पाणचक्की तयार केली होती. चक्कीने स्वतःच पाणी वर चढवावे आणि त्याच पाण्यावर अखंड फिरत राहावे, असा त्यांचा बेत होता. तो अर्थातच फसला. परंतु काहीही खर्ची न पडता काम होत नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात कायमची रुतून बसली.

पुढे ट्युबिंगेन विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. बंदी घातलेल्या एका विद्यार्थी मंडळात सामील झाल्यामुळे १८३७ मध्ये त्यांना अटक झाली व वर्षभर विद्यापीठाबाहेर राहावे लागले. १८३८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि फेब्रुवारी १८४० मध्ये, जावा बेटाकडे निघालेल्या एका डच जहाजावर वैद्य म्हणून रुजू झाले.

त्या काळी अनेक आजारांवर शीर कापून रक्त काढण्याची पद्धत होती. सुरबाया बंदरात खलाशांचे रक्त काढताना मायर चमकले. शिरेतील रक्त काळपट असावयास हवे. येथे मात्र ते लालभडक होते. चुकून धमनी तर कापली गेली नाही ना, अशी शंका त्यांना आली. उष्ण प्रदेशात असेच रक्त दिसते, असे तेथील डॉक्टरांकडून कळले. त्यांना ती नित्याची बाब होती. मायर मात्र तिच्यात गुंतून पडले.

श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय, असे फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. अन्न प्राणवायूच्या साहाय्याने जळते आणि शरीराला ऊब मिळते. उष्ण हवेत ही ऊब कमी लागते, म्हणून प्राणवायूही कमी खर्च होतो व रक्त लाल राहते, असा तर्क मायर यांनी केला. (उष्म्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, हे आज अधिक महत्त्वाचे कारण मानले जाते.) पण त्यांचा विचार येथेच थांबला नाही. माणूस ओझे उचलतो, तेव्हाही अन्नच खर्ची पडते. मग उष्णता आणि काम ही एकाच गोष्टीची दोन रूपे असली पाहिजेत. ती गोष्ट निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. आज आपण तिला ऊर्जा म्हणतो.

मायदेशी परतल्यावर १८४१ मध्ये त्यांनी पाठविलेला पहिला लेख छापला गेला नाही. त्यात भौतिकशास्त्राच्या चुका होत्या, हे मान्य केले पाहिजे. १८४२ मध्ये दुसरा लेख प्रसिद्ध झाला. पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविणारी उष्णता म्हणजे तेवढेच वजन सुमारे ३६५ मीटर उंचीवरून पडण्याइतके काम, असे गणित त्यांनी मांडले. अचूक आकडा सुमारे ४२७ मीटर आहे.

१८४५ मधील त्यांची पुस्तिका आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. ती त्यांनी स्वखर्चाने छापली. वनस्पती उजेडातच हवा शुद्ध करतात, हे इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच दाखविले होते. पण त्या उजेडाचे पुढे काय होते, याचे उत्तर मायर यांनी दिले. हिरवे पान पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न बनविते, तेव्हा सूर्याची प्रकाशऊर्जा त्या अन्नात साठविली जाते. हेच प्रकाशसंश्लेषण. गवत खाणारी शेळी आणि शेळीला खाणारा लांडगा हे दोघेही तोच साठा वापरतात. त्यांच्या पेशींत श्वसनाद्वारे अन्नाचे विघटन होऊन ऊर्जा मोकळी होते. काही हालचालीसाठी व वाढीसाठी लागते, बरीचशी उष्णता होऊन निघून जाते. म्हणूनच अन्नसाखळीच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारणतः दहावा हिस्साच पोहोचतो. पायऱ्यांचा हा हिशेब अमेरिकेतील रेमंड लिंडमन यांनी एका सरोवराचा अभ्यास करून १९४२ मध्ये मांडला, म्हणजे मायर यांच्या पहिल्या छापील लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

मायर यांच्या हयातीत मात्र प्रारंभी उपेक्षाच वाट्याला आली. इंग्लंडमधील जूल यांनी स्वतंत्रपणे, आणि काटेकोर प्रयोग करून, तोच नियम सिद्ध केला होता. आधी कोणी शोधले, यावर वाद पेटला. १८४८ मध्ये मायर यांची दोन मुले पाठोपाठ दगावली. मे १८५० मध्ये त्यांनी खिडकीतून उडी टाकून जीव देण्याचा प्रयत्न केला. ते वाचले, पण पायांना दुखापत झाली. पुढे मनोरुग्णालयात त्यांना बांधून ठेवण्यात आले. उपचाराच्या नावाखाली एका वैद्यालाच हे भोगावे लागले! मध्यंतरी त्यांच्या निधनाचे खोटे वृत्तही छापून आले.

१८६२ मध्ये लंडन येथील व्याख्यानात टिंडल यांनी या शोधाचे श्रेय उघडपणे मायर यांना दिले. विशेष म्हणजे ते जूल यांचेच देशबांधव होते. रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक १८७० मध्ये जूल यांना आणि १८७१ मध्ये मायर यांना मिळाले. २० मार्च १८७८ रोजी हाइलब्रोन येथेच क्षयरोगाने मायर यांचे निधन झाले.