लुई बूताँ

लुई मारी ऑग्युस्त बूताँ (जन्म : १८५९, व्हर्साय, फ्रान्स, मृत्यू : १९३४, तिग्झिर्त, अल्जीरिया) हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ होते. मृदुकाय प्राणी, मोती आणि गिबन या कपीचे आवाज अशा एकमेकांपासून दूरच्या विषयांवर त्यांनी संशोधन केले. तथापि आज त्यांचे नाव मुख्यतः समुद्राच्या पाण्याखालील छायाचित्रणासाठी घेतले जाते. १८९३ ते १८९९ या काळात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर त्यांनी पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रतळाची छायाचित्रे घेतली आणि त्यासाठी एकामागून एक तीन निरनिराळे कॅमेरे वापरून पाहिले. हातात मावणारा लहान कॅमेरा बंद पेटीत घालून न्यावा, की पाण्यासाठीच मोठे यंत्र उभारून त्याला मनाजोगते भिंग बसवावे, हा आजच्या पाणबुड्या छायाचित्रकारापुढचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता.

पूर्वायुष्य

बूताँ यांचे शिक्षण पॅरिस येथे झाले. १८८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी फ्रान्सने पाठविलेल्या मंडळात त्यांचा समावेश होता. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम एकवीस वर्षांचे होते. त्या खंडात राहून त्यांनी तेथील प्राणिसृष्टीचा अभ्यास केला. परतल्यावर त्यांनी फिश्युरेला या सागरी गोगलगायीची शरीररचना व वाढ यांवर प्रबंध लिहिला. तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्राण्याच्या टोपीसारख्या शंखाच्या माथ्यावर एक भोक असते. असे प्राणी खडकांना चिकटून राहतात आणि जाळ्यात ओढून वर आणले की त्यांचा नैसर्गिक परिसर तुटतो. त्यामुळे त्यांना त्यांच्या जागीच पाहावे, या विचाराने बूताँ तांब्याचे शिरस्त्राण व रबरी पोशाख घालून पाण्यात उतरू लागले. या पोशाखाला वरच्या नावेतून नळीने हवा पुरविली जात असे.

बान्यूल येथील प्रयोगशाळा

स्पेनच्या सरहद्दीजवळील बान्यूल-सुर-मेर या गावी आंरी द लाकाझ-द्यूतिए या ज्येष्ठ प्राणिशास्त्रज्ञांनी आरागो प्रयोगशाळा स्थापन केली होती. बूताँ येथे काम करू लागले तेव्हा तळावर दिसलेले दृश्य शब्दांत सांगणे अवघड आहे, हे त्यांना वारंवार जाणवले. डोंगर चढणारा प्रवासी छायाचित्रे घेऊन परततो. पाण्यात उतरणाऱ्याने मात्र आठवणीवर विसंबायचे, ही उणीव त्यांना भरून काढायची होती.

पाण्याखालील छायाचित्राचा प्रयत्न त्यापूर्वी झालाच नव्हता असे नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमधील वेमथ येथे विल्यम टॉम्प्सन यांनी पेटीत ठेवलेला कॅमेरा नावेतून समुद्रात सोडला होता. पेटीत पाणी शिरले, तरीही काचेवर अंधूक प्रतिमा उमटली. टॉम्प्सन स्वतः नावेतच होते. शिवाय त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून ती वाळण्यापूर्वीच वापरावी लागे. बूताँ यांच्या काळापर्यंत जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या होत्या आणि अशा अनेक काचा एकाच कॅमेऱ्यात भरून ठेवता येत होत्या. या सोयीवाचून पुढचे प्रयोग शक्य झाले नसते.

पहिला कॅमेरा

१८९३ मधील पहिल्या प्रयोगासाठी बूताँ यांनी त्या काळी लोकप्रिय असलेला ‘डिटेक्टिव्ह’ जातीचा लहान, पेटीवजा कॅमेरा निवडला. त्यांचे बंधू ऑग्युस्त हे अभियंते होते. त्यांनी या कॅमेऱ्यासाठी खिडक्या असलेली धातूची जलाभेद्य पेटी आखली आणि प्रयोगशाळेतील यंत्रकारागीर जोसेफ दाव्हिद यांनी पुढील कामात मोलाचे साहाय्य केले. शटर उघडणे आणि काच बदलणे ही कामे पेटी न उघडता बाहेरूनच करता येत.

पाण्याच्या दाबावरील उपाय साधा पण चतुर होता. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. भरीव पेटी करण्याऐवजी बूताँ बंधूंनी पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला. खाली जाताना पाणी फुग्याला दाबी, फुग्यातील हवा पेटीत शिरे आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राही. त्यामुळे पेटी हलकी ठेवता आली आणि सांध्यांतून पाणी आत शिरण्याची भीती कमी झाली.

लहान कॅमेऱ्याचा हा मोठा गुण होता. मर्यादाही लवकरच दिसल्या. असा कॅमेरा सपाट काचेच्या खिडकीमागून पाहतो, तेव्हा वक्रीभवनामुळे पाण्यातील वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जवळ भासते आणि भिंगाच्या कक्षेत मावणारा भाग आक्रसतो. सगळे दृश्य मावावे म्हणून मागे सरावे, तर मधल्या गढूळ पाण्याचा थर वाढतो. डिटेक्टिव्ह कॅमेऱ्याचे भिंग सहसा ठरावीक अंतरासाठी बसविलेले असे. जवळच्या प्राण्यासाठी ते जुळवून घेणे कठीण होते. प्रकाश अपुरा असल्याने काही छायाचित्रांसाठी शटर अर्ध्या तासापर्यंत उघडे ठेवावे लागले. तेवढा वेळ कॅमेरा तिवईवर निश्चल ठेवून बूताँ तळावर थांबत. खडक आणि शेवाळ यांची चित्रे अशा रीतीने मिळाली. मासा मात्र अर्धा तास एका जागी थांबत नाही.

प्रकाशाचा शोध

शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने बूताँ यांच्यासाठी ऑक्सिजनने भरलेल्या काचेच्या बाटलीत मॅग्नेशियमच्या तारेचे वेटोळे बसविले. विद्युतप्रवाहाने ती तार पेटे. झगझगाटी दिव्याचे हे अगदी आरंभीचे रूप म्हणावे लागेल. पण उष्णतेने बाटली फुटण्याचा धोका होता. त्यानंतर वेगळी तजवीज झाली. सुमारे २०० लिटरच्या लाकडी पिंपात ऑक्सिजनयुक्त हवा भरून पिंपावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा ठेवला आणि रबरी चेंडू दाबून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडविली. उजेड मिळाला, पण २०० लिटरचे पिंप पाण्यात बुडवायचे तर त्याला जवळजवळ तेवढ्याच किलोग्रॅमचा भार बांधावा लागतो. कॅमेरा हाती धरण्याजोगा, तर दिवा ओढून न्यावा लागेल असा, ही विसंगती बूताँ यांच्या ध्यानात आली नसेल असे वाटत नाही.

दुसरा आणि तिसरा कॅमेरा

दुसऱ्या कॅमेऱ्यात बूताँ यांनी पेटी कोरडी ठेवण्याचा आग्रहच सोडला. पाणी आत येऊ द्यावे, काचांना वार्निशाचे संरक्षण द्यावे, म्हणजे दाबाचा आणि सपाट खिडकीचा दोन्ही प्रश्न सुटतील, अशी ही कल्पना होती. ती फसली. हवेसाठी घासलेले भिंग पाण्याने वेढले गेले की त्याची प्रकाश वळविण्याची शक्ती बरीच घटते आणि प्रतिमा नीट उमटत नाही. पाण्याशी थेट भिडणारे भिंग पाण्यासाठीच गणित करून घासावे लागते. ते बूताँ यांना उपलब्ध नव्हते.

तिसऱ्या वेळी त्यांनी लहानपणाचा मोह पूर्णपणे बाजूला ठेवला. १८ × २४ सेंटीमीटरच्या मोठ्या काचा, त्यांना साजेसे निवडून घेतलेले चांगले भिंग आणि हे सर्व सामावणारी भक्कम धातूची पेटी असे हे यंत्र होते. मोठ्या काचेवर तपशील अधिक येई, उजळ भिंगामुळे वेळ कमी लागे आणि उथळ, उन्हाने उजळलेल्या पाण्यात क्षणचित्रे घेऊन पोहणारे मासेही टिपता आले. पहिल्या कॅमेऱ्याला जे साधले नव्हते, ते येथे साधले. त्याची किंमत वजनात मोजावी लागली. यंत्र नावेवरून खाली सोडण्यासाठी यारीची व्यवस्था लागे आणि तळावर ते हलविता यावे म्हणून त्याला रिकामे पिंप तरंगते बांधावे लागे. १८९९ मध्ये त्याच्या जोडीला पाण्याखाली चालणारे विजेचे आर्क दिवे आले. त्यांच्या उजेडात रात्री छायाचित्रे घेण्यात आली आणि नावेतूनच शटर चालवून सुमारे ५० मीटर खोलीवरही कॅमेरा सोडण्यात आला. तोवर छायाचित्रकार पुन्हा नावेतच राहिला होता, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. टॉम्प्सन यांच्यापाशी असलेली उणीव भरून काढायला निघालेले काम यंत्राच्या भारामुळे काही अंशी तेथेच परतले.

या सर्व अनुभवांवर आधारित बूताँ यांचे पाण्याखालील छायाचित्रणावरील फ्रेंच पुस्तक १९०० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. या विषयाला वाहिलेल्या पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते.

उत्तरायुष्य

त्यानंतर बूताँ यांचे लक्ष दुसरीकडे वळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते फ्रेंच इंडोचायनात होते आणि हनोई येथून त्यांनी तेथील प्राण्यांविषयी लेखन प्रसिद्ध केले. तेथून आणलेली गिबनची एक मादी त्यांनी घरी वाढविली. स्वजातीयांपासून दूर वाढूनही ती त्या जातीचे आवाज काढते, हे पाहून ते आवाज शिकलेले नसून उपजत आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १९१३ मध्ये मांडला. बोर्दो येथील अध्यापनानंतर ते अल्जीरिया येथे प्राध्यापक झाले. जपानमध्ये शिंपल्यांत वाढविलेले मोती व नैसर्गिक मोती यांत मूलभूत भेद नाही, हे त्यांचे मत १९२० च्या सुमारास पॅरिसच्या मोती व्यापाऱ्यांना फारसे रुचले नाही. मोत्यांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला.

नंतरचे कॅमेरे

बूताँ यांच्या अवजड यंत्राची परंपरा पुढे चालली नाही. स्वतः पोहणाऱ्या पाणबुड्याच्या हाती कॅमेरा हवा, हे ठरल्यावर पुन्हा लहान कॅमेऱ्याकडे वळणे क्रमप्राप्त होते. ऑस्ट्रियाचे हान्स हास यांच्या प्रयत्नांतून रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी रोलायमारिन ही पेटी आली. झाक-ईव्ह कूस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंते झाँ द वूतर्स यांनी वेगळ्या पेटीची गरज नसलेला कॅलिप्सो कॅमेरा आखला आणि १९६३ पासून तो निकोनोस या नावाने जपानमध्ये बनू लागला. निकोनोसला निरनिराळी भिंगे बसविता येत. त्यांपैकी काही पाण्याशी थेट भिडण्यासाठीच घासलेली होती. बूताँ यांच्या फसलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यातील कल्पना येथे वेगळ्या रूपात सफल झाली. मात्र भिंग बदलायचे तर वर यावेच लागे.

आजही ही अडचण कायम आहे. भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची पेटी मोठी असते, प्रत्येक भिंगासाठी तिचा दर्शनी भाग वेगळा लागतो आणि पाण्यात शिरण्यापूर्वीच सूक्ष्म जीव टिपायचे की विस्तीर्ण दृश्य, हे ठरवावे लागते. एकसंध लहान कॅमेऱ्याच्या पेटीवर जोडभिंग पाण्याखालीच चढविता-उतरविता येते; त्याची प्रकाशग्राहक पट्टी सहसा लहान असल्याने अंधाऱ्या पाण्यात ते उणे पडते. नवशिक्याने आधी हलके साधन घेऊन पाण्यातील तोल सांभाळण्यास शिकावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. माशांच्या अभ्यासासाठी तपशीलवार चित्रे हवी असणाऱ्याची गरज निराळी असते.

एका छायाचित्राविषयी

शिरस्त्राण घातलेला एक पाणबुड्या तळावर उभा आहे, असे बूताँ यांचे एक छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापले जाते. त्याखाली काही वेळा १८९३ हे वर्ष आणि बूताँ यांचेच नाव दिलेले आढळते. ते छायाचित्र १८९९ मधील असून त्यातील व्यक्ती रुमानियन जीवशास्त्रज्ञ एमिल राकोव्हित्सा आहेत. बेल्जिका जहाजावरील अंटार्क्टिक मोहिमेहून ते त्याच वर्षी परतले होते. पुढे बान्यूलच्या प्रयोगशाळेत त्यांनी जबाबदारीचे पद सांभाळले आणि गुहांतील जीवसृष्टीच्या अभ्यासाचा पाया घातला. कॅमेऱ्यामागे बूताँ होते.