न्यायमूर्ति सर विल्यम ग्रोव्ह

मारुंजीच्या वडीलधाऱ्या मंडळींस कल्हईवाला आठवत असेल. भांड्याचा मळ नवसागरानें काढल्यावांचून तो कथील फिरवीत नसे. कारण मळक्या धातूस कथील धरत नाहीं. याहून सूक्ष्म मळ काढण्याचें काम प्रयोगशाळेंत विद्युद्भारित वायुकण करितात. या क्रियेची आद्य नोंद 1852 सालीं करणारे सर विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ग्रोव्ह यांचा जन्म 11 जुलै 1811 रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें झाला. ऑक्सफर्डचें शिक्षण संपवून 1835 सालीं ते बॅरिस्टर झाले; परंतु प्रकृति साथ देईना, म्हणून ते शास्त्राकडे वळले. 1839 सालीं त्यांनीं जस्त व प्लॅटिनम यांचा प्रबळ विद्युत्घट तयार केला. पुढें हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगांतून वीज निघते, हेंही त्यांनीं दाखविलें. 1841 ते 1846 पर्यंत ते लंडन इन्स्टिट्यूशनमध्यें अध्यापक होते.

विरळ वायूंत वीज सोडली असतां चांदीच्या चकचकीत पत्र्यावर डाग उमटतात, हें त्यांनीं बारकाईनें पाहिलें. वेगवान वायुकण आदळले म्हणजे धातूचे अणु उडतात, हा उलगडा पुढील पिढ्यांनीं केला. पूर्वी नळीची कांच काळी करणारी ही पीडा विसाव्या शतकांत धातु स्वच्छ करण्याचें साधन बनली.

मात्र वेळेचा अंदाज हवा. 500 व्होल्टचा एक आर्गॉन कण तांब्याचे सुमारे दोन अणु उडवितो. दर चौरस सेंटिमीटरवर अँपिअरचा एक लक्षांश प्रवाह असला, तर तांब्याचा एक अणुथर जाण्यास सुमारे 14 सेकंद लागतात. पन्नास थरांस जवळजवळ 12 मिनिटें. गंजाचा थर निराळ्या वेगानें झिजतो, म्हणून हा हिशेब केवळ आरंभाचा होय. वेळ कमी पडल्यास मळ राहतो. अधिक झाल्यास पृष्ठभाग खडबडीत होतो.

ग्रोव्ह पुढें वकिलीकडे परतले; 1871 सालीं न्यायाधीश झाले व 1872 सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. 1 ऑगस्ट 1896 रोजीं त्यांचें निधन झालें. आजारपणानें एक मार्ग अडला असतां त्यांनीं दुसरा धरला आणि क्षुल्लक डागाचीही उपेक्षा केली नाहीं. परीक्षेंत अथवा प्रकृतींत ज्यांची वाट अडली असेल, त्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें चरित्र ध्यानांत ठेवावें, इतकीच आमची इच्छा आहे.