आनंदीबाई जोशी : सहभ्रमण आणि स्वातंत्र्य

भिवंडीलगतच्या कल्याणातील यमुना जोशी हिचा विवाह १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यातील गोपाळरावांशी झाला व ती आनंदीबाई झाली. मुंबईत पुस्तके घेऊन शाळेस जाणे, कलकत्त्यास पतीसह मोकळेपणाने फिरणे, ही साधी नागर सुखेही तिला कुचेष्टा सोसूनच लाभली. अमेरिकेस जाण्याचे समर्थन करताना १८८३ च्या श्रीरामपूर येथील व्याख्यानात तिने या उपद्रवाची नोंद केली. १८८६ मध्ये डॉक्टर झालेली आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी निवर्तली. या सहभ्रमणास निव्वळ दांपत्यसुख म्हणता येत नाही. त्यामागे पतीचा आग्रह होता. तथापि उपहासास उत्तर देणारा आवाज तिचा स्वतःचा होता, हे चरित्रकाराने विसरू नये.