राष्ट्रकूट सम्राट दंतिदुर्ग
श्रीघृष्णेश्वराचे दर्शन घेऊन भाविक वेरूळ लेण्यांकडे वळतात, तेथे कैलास पाहण्याच्या घाईत दशावतार लेणे (क्र. १५) बहुधा राहून जाते. त्याच्या प्रांगणातील पाषाणमंडपावर राष्ट्रकूट घराण्याची वंशावळ कोरलेली असून ती दंतिदुर्गापर्यंत येते. बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक असलेल्या या पराक्रमी पुरुषाने इ. स. ७५३ च्या सुमारास कीर्तिवर्मा दुसरा याचा पराभव करून दख्खनचे स्वामित्व मिळविले. उज्जयिनीस त्याने हिरण्यगर्भ महादान केले. एवढे वैभव लाभूनही तो निपुत्रिक निवर्तला. राज्य चुलता कृष्णराज (पहिला) याच्याकडे गेले आणि जगविख्यात कैलास लेण्याचे श्रेय त्यास लाभले. दंतिदुर्गाच्या कुळाचा तो शिलालेख मात्र अपुराच राहिला. अक्षरे झिजली आहेत. भाविकांनी त्यांस हात लावू नये.