रामन यांनी नाकारलेल्या मुलीनं बटाट्यात नेमकं काय शोधलं होतं?

कमला सोहोनी म्हटलं की एकच किस्सा फिरतो. सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला आणि ही मुलगी सत्याग्रहाला बसली. किस्सा खराच आहे. पण पुढे त्यांनी शोधलं काय, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. बटाटा, ऑक्सिजन आणि आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांचा संबंध समजून घ्यायचा तर गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. थोरली बहीण दुर्गा. होय, त्याच दुर्गाबाई भागवत, ज्या पुढे कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. भागवतांच्या घरात मान तुकवायची सवय कुणालाच नसावी.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या, गुणवत्ता यादीत पहिल्या. त्यांनी बंगळूरला अर्ज केला. नोबेल मिळवून तीनच वर्षं झालेले रामन तेव्हा तिथे नुकतेच संचालक झाले होते. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. वडील आणि काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. मग कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी गांधीजींचा मार्ग धरला.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि आपल्या असण्यानं तिथलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. ही तिसरी अट आज वाचतानाही संताप येतो. कमलाबाईंनाही ती आयुष्यभर सलत राहिली आणि म्हातारपणी जाहीर कार्यक्रमात त्यांनी ते बोलूनही दाखवलं. रामन थोर शास्त्रज्ञ होते म्हणून हा अपमान लहान होत नाही.

श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं आणि पुढे संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ मध्ये एमएस्सी झाल्यावर कमलाबाईंनी केंब्रिज गाठलं.

तिथे चित्र उलटं होतं. जैवरसायन विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या विभागात बायका संशोधन करत आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. याच हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये पेशींमधून एक छोटा रेणू वेगळा करून त्याला ग्लुटाथायोन हे नाव दिलं होतं. अँटिऑक्सिडंट म्हणून आज ज्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं विकली जातात, तोच हा रेणू. खरं तर तीन अमिनो आम्लं जोडून आपली प्रत्येक पेशी तो स्वतःच बनवते.

पेशीला त्याची गरज काय? पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा काढते. चूल पेटवली की ठिणग्या उडतात, तसे इथेही ऑक्सिजनचे काही तापट रेणू सुटतात. ते विझवायचं काम ग्लुटाथायोन करतं.

कमलाबाईंचं काम या चुलीवरच होतं. सायटोक्रोम सी हे लोह असलेलं लालसर प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे पुढे पोचवतं, तेव्हा शेवटी ऑक्सिजनचं पाणी होतं. अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की सायटोक्रोम सी कमलाबाईंनीच शोधलं. तसं नाही. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांचं त्यावर आधीपासून काम सुरू होतं. कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याकडे काम करताना दाखवलं ते असं, की बटाट्यासारख्या वनस्पतीच्या पेशींतही हे प्रथिन असतं. म्हणजे श्वसनाची ही यंत्रणा प्राणी आणि वनस्पती दोघांत आहे. प्रबंध फक्त ४० पानांचा होता. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असंही त्यांना म्हणतात, पण जानकी अम्माल यांना ती १९३१ मध्येच अमेरिकेत मिळाली होती. केंब्रिजपुरता मान मात्र कमलाबाईंचाच.

आता पांढऱ्या पेशींकडे येऊ. शरीरात जंतू शिरला की न्यूट्रोफिल नावाच्या पेशी त्याला गिळतात आणि हे तापट रेणू मुद्दाम तयार करून त्याच्यावर सोडतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७३ मध्ये हे दाखवलं, ते सायटोक्रोम सीचाच वापर करून. पेशींनी सुपरऑक्साइड सोडलं की या प्रथिनाचा रंग बदलतो, आणि तो मोजता येतो.

ज्या मुलांमध्ये हे हत्यार जन्मतःच तयार होत नाही, त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. पण दुसरी बाजूही आहे. दुसऱ्यावर आग फेकणाऱ्या पेशीला आधी स्वतःला वाचवावं लागतं, त्यासाठी तिच्याकडे ग्लुटाथायोनचा साठा लागतो. ते बनवण्यातच जन्मजात दोष असलेल्या काही रुग्णांनाही वारंवार संसर्ग होतात. एचआयव्हीबाधितांमध्येही त्याची पातळी कमी आढळली आहे. त्यामुळे अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकी प्रतिकारशक्ती चांगली, हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं गणित चुकीचं आहे. पेशीला आगही हवी आणि पाणीही.

या पेशी आणखी एक गोष्ट साठवतात, क जीवनसत्त्व. नागपूरच्या संत्र्यात असतं तेच. ते माणसाचं शरीर बनवू शकत नाही, पण न्यूट्रोफिल रक्तद्रवाच्या कित्येक पटींनी ते आत ओढून घेतात.

आणि इथेच कमलाबाईंचं मुंबईतलं काम जोडलं जातं. भारतात परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा असं करत १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. केंब्रिजचं विज्ञान सोडून त्यांनी गरिबाच्या ताटातलं अन्न तपासायला घेतलं. वालात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते वेगळे काढले. मग राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून नीरा तपासली. ताडी होण्याआधीच्या या ताज्या रसात अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं त्यांना आढळलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गर्भवती बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर तब्येतीत सुधारणाही दिसली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

तरीही संस्थेचं संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षं लांबलं. ज्या वयात इतर जण निवृत्तीचा हिशेब करतात, त्या वयात त्यांना ती खुर्ची मिळाली.

ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष. भेसळ कशी ओळखायची, हे त्या ग्राहकांना सांगत राहिल्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या सोहळ्यातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.