गुणग्राहक नामदार गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेताच कायदे कौन्सिलातील अभ्यासपूर्ण भाषणे आणि १९०५ साली स्थापन झालेला भारत सेवक समाज आठवतो. सहकाऱ्याचे काम बारकाईने पाहून त्याची थोरवी योग्य वेळी बोलून दाखवणे, हा त्यांचा गुण मात्र फारसा सांगितला जात नाही.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील अकाली गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये देऊन त्यांना शिकवले. पदवी मिळताच त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अध्यापन आरंभले आणि पुढे १९०२ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयाची सेवा केली. गुरू न्यायमूर्ती रानडे यांनी दिलेले उपरणे ते जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगीच वापरत.

१९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये विषयनियामक समितीची बैठक रात्री लांबली होती. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांविषयीचा ठराव घेऊन आलेले तरुण बॅरिस्टर गांधी संकोचाने बसून होते. गोखल्यांनी तो ठराव आधीच वाचला होता. तो उत्तम असल्याची ग्वाही त्यांनी फिरोजशहा मेहतांना दिली आणि ठराव संमत झाला. त्यानंतर गांधीजी महिनाभर त्यांच्याकडे राहिले. तेथे रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रे यांची ओळख करून देताना गोखल्यांनी त्यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यागाचा उल्लेख केला. आठशे रुपये वेतनातील केवळ चाळीस रुपये स्वतःसाठी ठेवून उरलेले ते लोककार्यास देत.

१९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील काही सभांत ते मराठीत बोलत आणि गांधीजी हिंदुस्थानीत भाषांतर करीत. परतीच्या प्रवासात झांझिबारपर्यंत गांधीजी सोबत होते. बोटीवर गोखल्यांनी तेथील एकेका कार्यकर्त्याच्या स्वभावाची चिकित्सा केली आणि अग्रस्थान दिले ते गांधीजींच्या कचेरीतील तरुण चिटणीस सोंजा श्लेसिन यांना. पुढारी तुरुंगात असताना पत्रव्यवहार, हिशेब आणि वृत्तपत्र ही सारी जबाबदारी या युवतीने पेलली होती. व्यासपीठावर न दिसणारे हे कष्ट काही आठवड्यांच्या पाहुण्याच्या नजरेतून सुटले नाहीत.

गोखल्यांची स्तुती ही खुशामत नव्हती. गांधीजींचे काही विचार त्यांना मान्य नव्हते आणि ते तसे स्पष्ट सांगत. म्हणूनच त्यांच्या कौतुकाला वजन होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, ते निवर्तले. गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले.

कोणतीही संस्था अशाच अनेक अबोल हातांवर उभी असते. त्या हातांचे मोल वेळीच ओळखून, त्यांच्या कामाचा नेमका उल्लेख करून दाद देणे, हा गोखल्यांच्या चरित्राने घालून दिलेला धडा आहे.